इंजेक्शन म्हशीला, काळजी आपली

गेल्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. पार्किंग, पाण्याचा टँकर, लिफ्टची एएमसी वगैरे नेहमीचं रडगाणं झाल्यावर एक कागद फिरायला लागला. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: "दुधातल्या ऑक्सिटोसिनमुळे आमच्या लहान मुली वेळेआधी वयात येत आहेत. या विषारी इंजेक्शनवर देशभर संपूर्ण बंदी घाला." खाली सह्या. माझ्यापर्यंत कागद आला तेव्हा एक्केचाळीस सह्या झाल्या होत्या. मी वाचलं, पेन खाली ठेवलं आणि कागद पुढे सरकवला.

झालं! "च्यायला, तू दूधवाल्याच्या बाजूनं का रे?" इथपासून "तुला मुलगी नाही ना अजून, म्हणून" इथपर्यंत सगळं ऐकून घेतलं. मीटिंगमध्ये मला बोलता येत नाही. (ऑफिसातही येत नाही, अप्रेझलला विचारा.) म्हणून हा लेख. शनिवारची दुपार त्यात गेली आहे, तेव्हा शिव्या घालायच्या तर निदान शेवटपर्यंत वाचून घाला.

तर पहिल्यांदा तुमच्या मुलींबद्दल. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची एक छोटीशी साखळी. १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ती प्रयोगशाळेत बनवली आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. अशी साखळी पोटात गेली की पोट तिचं तेच करतं जे ते डाळीतल्या प्रथिनांचं करतं, म्हणजे तुकडे. डायबिटीस असलेल्या काकांना इन्सुलिन टोचून का घ्यावं लागतं, दुधात घालून का पिता येत नाही? कारण हेच. शिवाय रक्तात गेलेलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच निम्म्यावर येतं. आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं इंजेक्शन दिलेल्या आणि न दिलेल्या जनावरांचं दूध तपासलं, तेव्हा त्यातल्या ऑक्सिटोसिनमध्ये फरक सापडला नाही. मुली हल्ली लवकर वयात का येतात हा प्रश्न खरा आहे, त्याला वजन, खाणं अशी बरीच कारणं सांगितली जातात. पण त्याचा दोष म्हशीच्या इंजेक्शनवर टाकणं म्हणजे सर्व्हर डाऊन झाला म्हणून ऑफिसबॉयला झापण्यासारखं आहे.

"म्हणजे इंजेक्शन चांगलं?" अजिबात नाही! इंजेक्शन वाईट आहे. फक्त ज्याच्यासाठी वाईट आहे तो प्राणी आपल्या कागदात कुठेच नव्हता. एक्केचाळीस सह्यांच्या त्या निवेदनात 'म्हैस' हा शब्द एकदाही आला नव्हता. मी मोजला. शून्य वेळा.

आता जरा म्हशीबद्दल, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ती फक्त हायवेवर हॉर्न मारण्यापुरती पाहिलेली असते. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध खालच्या पोकळीत उतरून तयार असतं. म्हशीच्या कासेत जेमतेम विसावा. बाकी सगळं वर, बारीक बारीक कप्प्यांत अडकलेलं. ते खाली यायचं तर म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटावं लागतं, आणि ते सुटतं रेडकू ढुसण्या देऊन चोखायला लागलं की. यालाच आपली भाषा 'पान्हा' म्हणते. आपल्याकडे आईच्या मायेला जो शब्द आहे तोच शास्त्रीय शब्द आहे. म्हैस घाबरली, दुखलं, अनोळखी माणूस आला, की पान्हा चोरते. त्याला इलाज नाही, तिच्यासुद्धा हातात नसतं ते.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. आजीकडे एकच म्हैस असायची. पहाटे आजी आंबोण पुढ्यात ठेवायची, कास कोमट पाण्यानं धुवायची आणि मग रेडकू सोडायची. ते दोन मिनिटं धडपडायचं, म्हशीचे कान सैल पडायचे, आजी म्हणायची "सोडला गं बाई पान्हा", आणि रेडकू ओढून बाजूला बांधून चरवी घेऊन बसायची. चार सडांपैकी एक रेडकाचा. त्याला हात लावायचा नाही हा नियम. पाव्हणे आले तरी नाही. मी एकदा चहाला दूध कमी पडलं म्हणून "त्या सडातलं घे की" म्हणालो, तर आजीनं अशी नजर दिली की अजून आठवते. ती काही प्राणिमित्र वगैरे नव्हती हां. म्हैस आटली की बाजारात नेऊन विकायची, आणि मारकुटीला काठीपण घालायची. पण हिशेब सरळ होता, रेडकू जगलं तर म्हैस दूध देते.

शहराच्या दुधाचा हिशेब याच्या बरोबर उलटा आहे. हे मला कळलं ते दोन वर्षांपूर्वी, आमच्या दूधवाल्या मामांच्या गोठ्यावर गेलो तेव्हा. (बिल चुकलं होतं म्हणून गेलो होतो. उगाच महान होत नाही.) पहाटे पाचला पोचलो. पत्र्याची शेड, तीसेक म्हशी, प्रत्येकीच्या गळ्यात हातभर दोरखंड. बसायचं, उठायचं, बस्स, वळायला जागा नाही. खाली ओलं शेण. एक पोरगा हातात सिरिंज घेऊन रांगेनं चालत होता. एकच सिरिंज, एकच सुई, एका म्हशीच्या मानेतून दुसऱ्या म्हशीच्या मानेत. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पांढरी बाटली, तिच्यावर लेबल नाही, नाव नाही, तारीख नाही. सुई बसली की म्हैस अंग चोरायची, शेपटी आवळायची, आणि मिनिटाभरात कास पाझरायला लागायची. मी विचारलं, "मामा, रेडकं कुठंयत?"

मामा म्हणाले, "रेडकू जगवायचं म्हंजी रोज दोन-तीन लिटर दूध त्यालाच पाजायचं. पारडी असंल तर एकवेळ ठेवू. रेडा ठेवून काय करू सायेब? नांगराला कोन जुपतंय आता? आन् तुमी लीटरला दोन रुपये वाढवले की मेशेज टाकता, लुटतोय म्हनून."

मी गप्प बसलो. कारण दोन रुपयांचा तो मेसेज मीच टाकला होता.

रेडकं कुठंयत याचं उत्तर त्यांनी दिलं नाही आणि मी परत विचारलं नाही. पण कोपऱ्यात एक होतं. उभं राहताना पाय फाकत होते, फासळ्या मोजता येत होत्या. कुणी त्याला मारत नव्हतं, कुणी पाजतही नव्हतं. असं रेडकू आपोआप 'जातं'. आणि रेडकू गेलं की पान्हा गेला, पान्हा गेला की सुई आली. सुई रोज दोनदा, महिनोन् महिने. शरीराला बाहेरच्या डोसची सवय लागते, आपला आपण पान्हा सोडायचं ते हळूहळू विसरतं, मग डोस चुकला की दूध तटतं. याच औषधानं गर्भाशयही आवळतं, बाळंतपणात ज्या कळा येतात त्या आणण्याचं काम हेच करतं. त्या तीसेक म्हशी सकाळ-संध्याकाळ हे सोसत होत्या. आणि आपल्या सोसायटीत चर्चा कशाची, तर आपल्या चहात काय उतरतंय याची.

हा प्रकार नवा नाही. पूर्वी इंजेक्शन नव्हतं तेव्हा 'फुका' होता, म्हणजे पान्हा यावा म्हणून जनावराच्या योनिमार्गात नळीनं हवा फुंकायची. हे कळल्यावर गांधीजींनी गाई-म्हशीचं दूध सोडलं, आणि पुढे १९१९ च्या सुमाराला मुंबईत आजारपणात कस्तुरबांच्या आग्रहानं शेळीचं दूध सुरू केलं. आपल्याला ती शेळी आठवते, फुका आठवत नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचं बारावं कलम मुद्दाम यासाठीच आहे. फुका किंवा दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं कुठलंही इंजेक्शन दिलं, तर एक हजारापर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय जनावर सरकारजमा. म्हणजे कायदा आहे! त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात मारहाण, उपासमार, आखूड दोरीनं बांधणं या सगळ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड किती? दहा ते पन्नास रुपये. रिक्षाचं मीटर याच्या खाली पडत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं हे आकडे वाढवणारा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला होता. आपल्या ग्रुपवर त्या महिन्यात त्याबद्दल एक ओळ नव्हती. त्या महिन्यात आपण टी-ट्वेंटी सेमीफायनलवर बोलत होतो. मीसुद्धा.

आता बंदीकडे येतो, कारण सही न करण्याचं खरं कारण ते आहे.

२०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं जवळजवळ तुमच्या निवेदनासारखंच केलं. आयात बंद. देशात विकायचं ऑक्सिटोसिन खाजगी कंपन्यांनी बनवायचं नाही, फक्त कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीनं बनवायचं. कारण काय, तर गोठ्यातला गैरवापर. डॉक्टर हवालदिल झाले. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि १४ डिसेंबर २०१८ ला कोर्टानं ती अधिसूचना रद्द केली. एवढा मोठा निर्णय घ्यायला लागणारा शास्त्रीय पुरावा नाही आणि गरोदर बायकांच्या जिवाला काय धोका होईल याचा विचारच केलेला नाही, असा एकूण सूर होता. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टातही गेलं.

माझ्या बहिणीचं बाळंतपण झालं तेव्हा मी बाहेर बाकड्यावर होतो. बाळ रडल्याचा आवाज आला, आम्ही पेढ्यांचं बोलायला लागलो, आणि आतून नर्स पळत बाहेर आली, परत पळत आत गेली. रक्त थांबत नव्हतं. वीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आल्या, म्हणाल्या, "आकसलं गर्भाशय, आता ठीक आहे." सलाईनमधून जे गेलं ते ऑक्सिटोसिन. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभर आया मरण्याचं सगळ्यात मोठं कारणांपैकी एक आहे, आणि तो होऊ नये म्हणून प्रत्येक बाळंतिणीला हेच औषध द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं, स्वस्त, साधं औषध. तालुक्याच्या दवाखान्यात ते नसेल तर काय होतं याची कल्पना करा, आणि मग 'संपूर्ण बंदी' या शब्दांखाली सही करा. मला नाही जमली.

आणि बंदीनं म्हैस तरी सुटणार होती का? मामांच्या गोठ्यातल्या बाटलीला लेबलच नव्हतं! ती कुठल्या लायसन्सवाल्या कंपनीची होती की तिचं लायसन्स रद्द करणार? बंदी येते ती ज्यांच्याकडे बिल आहे, बॅच नंबर आहे, त्यांच्यावर. प्रसूतिगृहाचं कपाट रिकामं होतं आणि गोठ्यातली पांढरी बाटली पाच रुपयांनी महाग होते, एवढाच काय तो फरक.

औषध वाईट नसतं, ते कुणी, कुणाला, किती, कशासाठी आणि कुणाला विचारून दिलं यावर सगळं असतं. हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आहे, कबूल. पण जनावरांच्या बाबतीत आपण ते कधी लावूनच बघितलेलं नाही. डायक्लोफिनॅक घ्या. माणसाची कंबर दुखली तर आपण बिनदिक्कत घेतो. तेच लंगड्या बैलाला दिलं, बैल मेला, गिधाडांनी खाल्ला, आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. हे २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी शोधून काढलं. तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली होती. मलबार हिलवर पारश्यांच्या दख्म्यात गिधाडं येईनाशी झाली, तिथं सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जातच राहिल्या. मग २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन तीन मिलीच्या एकाच डोसमध्ये विकायचं असा नियम केला. ही मात्र अक्कलहुशारीची बंदी! मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न मारणारा पर्याय हाताशी होता, माणसाचं औषध माणसाला मिळत राहिलं, आणि बैलाचं दुखणंही दुर्लक्षिलं गेलं नाही. करायची तर अशी करा.

आणि तुम्हाला दुधातल्या औषधाची भीतीच बाळगायची असेल तर खरी भीती देतो, घ्या. म्हशीला कासेचा दाह झाला की अँटिबायोटिक देतात. बहुतेक वेळा डॉक्टर नसतोच, दुकानदार देतो. औषध दिल्यावर ठराविक दिवस ते दूध विकायचं नसतं. त्या औषधाचा मुद्दाम तपासून ठरवलेला काळ नसेल तर दुधासाठी किमान सात दिवस, असं २०१२ पासून नियमात आहे. आता गणित करा. आठ लिटरची म्हैस, सात दिवस, छप्पन्न लिटर. सत्तरचा भाव धरला तर तीन हजार नऊशे वीस रुपये गटारात ओतायचे. कोण ओतेल? तुम्ही ओताल?

एफएसएसएआयनं २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. ज्या भेसळीच्या नावानं आपण रोज बोंबलतो, युरिया, डिटर्जंट वगैरे, ती निघाली १२ नमुन्यांत. अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं ७७ मध्ये. आणि अफ्लाटॉक्सिन, म्हणजे जनावराला बुरशी आलेला चारा-पेंड खाऊ घातल्यानं दुधात येणारं विष, ३६८ मध्ये. आकडे नीट बघा. जनावराला सडकं खायला घातलं त्याची वसुली भेसळीच्या तीसपट आहे. आमच्या ग्रुपवर अफ्लाटॉक्सिनचा फॉरवर्ड आजवर आलेला नाही. त्यात कुणी व्हिलन दिसत नाही ना, नुसती ओली पेंड दिसते.

"मग तू दूध सोडलंस का?" हा प्रश्न येणारच. नाही सोडलं. आमच्या ऑफिसातला एक व्हीगन मित्र मला त्यावरून रोज टोचतो आणि त्याचं म्हणणं तर्काला धरून आहे हे मी मान्य करतो. पण देशात २०२३-२४ मध्ये जवळपास २४ कोटी टन दूध निघालं. मी चहा सोडल्यानं त्या शेडमधल्या एकाही म्हशीच्या गळ्यातली दोरी वीतभर वाढणार नाही. वाढेल ती मामांना परवडलं तर आणि कुणी बघायला आलं तर.

परवडण्याचं सांगतो. मामांबरोबर बसून कागदावर मांडलं. आंबोण ठेवून, कास धुवून, रोज त्याच वेळी त्याच माणसानं धार काढली तर बऱ्याच म्हशी इंजेक्शनशिवाय पान्हवतात, विशेषतः पहिल्या वितापासून सवय लावली तर. पण एक माणूस जास्त लागतो. रेडकाला पहिले काही महिने दूध द्यायचं, डॉक्टरची व्हिजिट, आजारी म्हशीचं दूध फेकायचं, सगळं धरून लिटरला चौदा-पंधरा रुपये जास्त. हा आकडा एका गोठ्याचा, माझ्या एक्सेल शीटमधला आहे, त्यावर पीएचडी करू नका.

पंधरा रुपये. सोसायटीत चारशे रुपयांची कोल्ड कॉफी कुणी परवडत नाही म्हणून परत केल्याचं ऐकलेलं नाही.

बरं, खरवस! मागच्या महिन्यात ग्रुपवर "मामा, म्हैस व्याली की चीक आणा, डबल पैसे देऊ" असे अकरा मेसेज होते. वासरू-रेडकाला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती मिळते पहिल्या काही तासांतल्या चिकातूनच. तो चीक आपण वेलदोडा घालून वड्या पाडून खातो, आणि 'डबल पैसे' ऐकल्यावर मामांनी तो कुणाला द्यावा? मलाही खरवस प्रचंड आवडतो, आईच्या हातचा तर विचारू नका. आजी पहिल्या दिवसाचा चीक रेडकाला पोटभर पाजून मग उरलेला घरात आणायची. एवढाच फरक आहे, पण मला तो खूप मोठा वाटायला लागलाय.

तर निवेदन मी नव्याने लिहिलंय. त्यात बंदी नाही. बिनलेबलची बाटली विकणाऱ्यांवर धाड, बाराव्या कलमाखाली गुन्हे, तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी असेल तर ती भरा, आणि दहा रुपये दंडाचं काहीतरी करा, एवढं आहे. त्याच्याबरोबर दुसरा कागद आहे. मामांकडच्या सहा म्हशी रेडकासकट, बिनसुईच्या, लिटरला पंधरा रुपये जास्त, सहा महिने आगाऊ. पहिल्या कागदावर आतापर्यंत एकोणीस सह्या झाल्यात. दुसऱ्यावर तीन, त्यातली एक माझी, एक बायकोची. तिसरी सही तळमजल्यावरच्या आजोबांची, ते दूध पीतच नाहीत.

उद्या रविवार. पहाटे पावणेपाचला गोठ्यावर जाणार आहे, गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. त्या एक्केचाळीसपैकी कुणी येत असेल तर गेटपाशी थांबा. जुने बूट घाला, शेण खूप असतं.